कचराही पाठीवर: दार्जिलिंगचा बेसिक माउंटेनियरिंग कोर्स

कोर्स करून आल्यापासून ट्रेकिंगच्या ग्रुपवर तेच प्रश्न येतायत. फॉर्म कधी भरायचा, झेपेल का, बायकांची सोय असते का, एवढी रजा कशी मिळाली. प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टीत मुलांच्या निसर्ग शिबिरांना मदतीला जाते. सह्याद्रीत बरीच वर्षं फिरले आहे, पण बर्फ फोटोतच पाहिलेला. दुसऱ्यांची मुलं दोरावर सोडताना एक टोचणी असायची, की हे आपल्याला रीतसर कुणी शिकवलेलंच नाही. जे येतं ते पाहून पाहून आलेलं. तेव्हा एकदा मुळापासून शिकावं असं ठरवलं.

गिर्यारोहणाच्या या बेसिक कोर्ससाठी आपल्याकडे मुख्य सरकारी संस्था म्हणजे दार्जिलिंग, उत्तरकाशी, मनाली आणि पहलगाम. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट, म्हणजे एचएमआय, यांतली सगळ्यात जुनी. एव्हरेस्टवर पहिली चढाई झाली १९५३ मध्ये आणि पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९५४ मध्ये ही संस्था सुरू झाली. तेन्झिंग नोर्गे तिथले पहिले प्रशिक्षणप्रमुख. कोर्स सगळीकडे साधारण चार आठवड्यांचा. मी दार्जिलिंग निवडलं याचं खरं कारण मात्र इतिहासाबितिहास काही नव्हतं. त्यांची मे महिन्यातली बॅच माझ्या सुट्टीत बसत होती, एवढंच.

सप्टेंबरमध्ये फॉर्म भरला. पुढच्या वर्षाचं वेळापत्रक लागलं की जागा भराभर भरतात, त्यामुळे संस्थेच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवून राहा. मी प्रतीक्षा यादीत होते. दिवाळी गेली, नाताळ गेला, आणि आता हे वर्ष हुकलं असं धरून चालले असताना जानेवारीत जागा मिळाल्याचा मेल आला. फीचा आकडा मी मुद्दाम देत नाही. तो बदलत असतो आणि जुन्या लेखांतले आकडे वाचून लोक फसतात. एवढं सांगते की राहणं, जेवण आणि चढाईचं सगळं साहित्य त्यातच येतं, आणि खासगी मोहिमांच्या मानाने हे बरंच स्वस्त पडतं.

मग कागद. वैद्यकीय प्रमाणपत्र संस्थेच्याच नमुन्यात लागतं. डॉक्टरांच्या लेटरहेडवर ‘फिट’ असं लिहून आणलेलं चालत नाही. ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्यांचे माझे अठराशे रुपये गेले. आमचे डॉक्टर मला लहानपणापासून ओळखतात. सही करताना चष्म्यावरून बघत म्हणाले, “अगं, आता या वयात बर्फात कशाला तडफडायचंय?” सही केली, शिक्का मात्र विसरले, त्यासाठी दुसऱ्या दिवशी परत रांगेत बसले. शिक्का, नोंदणी क्रमांक, तारीख हे तिन्ही दवाखान्यातून निघण्यापूर्वीच तपासा.

दुसरा कागद जोखमीच्या हमीपत्राचा. त्यावर घरच्यांची सही लागते. नवऱ्याने न वाचता केली. सासूबाईंनी मात्र कागद हातात घेतला आणि एकेक ओळ वाचत गेल्या. “यात मृत्यू असं चक्क लिहिलंय गं.” मी म्हटलं, “आई, ते सगळ्यांच्याच कागदावर असतं.” त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण निघेपर्यंत रोज संध्याकाळी मी धावून आले की दुधाचा पेला तयार असायचा. हमीपत्र असं जेवणाच्या टेबलावर एकदम पुढे करू नका. आधी घरात बोलून घ्या. तिसरा कागद शाळेतल्या रजेचा. मेची सुट्टी असली तरी मुख्यालय सोडण्याची लेखी परवानगी घेतली, आणि तिची प्रत सोबत ठेवली. कोर्सवर बराच काळ फोन लागत नाही, त्यामुळे मागे काही राहिलं तर तिथून निस्तरता येत नाही.

तयारीला जानेवारी ते एप्रिल मिळाले. सुरुवातीला नुसती धावत होते. आधी कोर्स केलेल्या एका मैत्रिणीने सावध केलं: “धावणं ठीक आहे गं, पण तिथे रडवतं ते ओझं.” तेव्हापासून रविवारी सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून किल्ल्याच्या पायऱ्या चढायला लागले, आधी आठ किलो, मग वाढवत पंधरापर्यंत. वर पोचलं की पाणी एखाद्या झाडाला घालायचं आणि रिकाम्या बाटल्या घेऊन उतरायचं, म्हणजे गुडघे वाचतात. जाडजूड पुस्तकं भरून सराव करणारेही आहेत, पण पुस्तकं वर ओतून देता येत नाहीत.

बूट फेब्रुवारीतच घेतले, चार हजार आठशेला, आणि निघेपर्यंत शाळेतही तेच घातले. नवे बूट घालून आलेल्या मुलांच्या टाचा पहिल्याच आठवड्यात सोलवटलेल्या पाहिल्या. थर्मल, लोकरी मोजे, पोंचो, हेडटॉर्च, गॉगल असं मिळून आणखी पाचेक हजार. फेदर जॅकेट, स्लीपिंग बॅग, मोठी सॅक यांवर पैसे घालू नका, ते सगळं संस्था देते.

न्यू जलपायगुडीपर्यंत रेल्वे, तिथून शेअर जीपने दार्जिलिंग. रिपोर्टिंगच्या एक दिवस आधी पोचायचं बघा. गाड्या उशिरा येतात आणि घाटात जीप अडकते. मी तसंच केलं. संस्था प्राणिसंग्रहालयाच्या आवारातच आहे, एकाच फाटकातून आत जावं लागतं. सॅक पाठीवर घेऊन, रेड पांडा बघायला आलेल्या पर्यटकांमधून वाट काढत तुम्ही कोर्सला हजर होता. वर तेन्झिंगचा पुतळा आणि त्यांची समाधी.

पहिले दोन दिवस निव्वळ कारकुनीचे. कागद तपासणी, संस्थेच्या डॉक्टरांकडून पुन्हा तपासणी, मग साहित्यवाटप. रजिस्टरमध्ये एकेक वस्तू लिहून सही करायची: आइस ॲक्स (बर्फातली कुदळ), क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे दात), हार्नेस (कमरेचा पट्टा), कॅराबिनर (दोर अडकवायची कडी), हेल्मेट, स्नो बूट. हरवलं तर भरून द्यायचं. इथे घाई करू नका. स्नो बूट दोन मोजे चढवून घाला आणि पायरीवर पुढून ठोकर मारून बघा. अंगठा पुढे आपटला तर तिथल्या तिथे मोठा नंबर मागा. क्रॅम्पॉन त्याच बुटावर बसवून बघा. ग्लेशियरवर, म्हणजे हिमनदीवर, गेल्यावर बदलून मिळत नाहीत.

त्यानंतर सगळ्यांचे गट पाडतात, त्याला रोप म्हणतात. तुमचा रोप, तुमचा रोप लीडर, तुमचे प्रशिक्षक. पुढचं सगळं, जेवणाच्या रांगेपासून तंबूपर्यंत, रोपनेच चालतं. आमच्या रोपमध्ये सैन्यातला एक जवान, कॉलेजातली दोन मुलं, बँकेत काम करणारी एक मुलगी असे होते आणि वयाने मी सगळ्यांत मोठी. पहिल्या दिवसापासून सगळे मला दीदी म्हणायला लागले. ते बरं वाटलं, आणि त्यामुळे मागे राहायची चोरीही झाली.

दार्जिलिंगमधला दिवस पहाटे पीटीने सुरू होतो. मग लेबाँगच्या रस्त्यावर चढाईच्या सरावाचे दोन खडक, तेन्झिंग रॉक आणि समोरचा गोम्बू रॉक. यातला दुसरा नवांग गोम्बूंच्या नावाचा. १९६३ आणि १९६५ असे दोनदा एव्हरेस्ट चढलेले जगातले पहिले गिर्यारोहक ते. खडकावर मला फारसं जड गेलं नाही, सह्याद्रीचा सराव कामी आला. पण तिथली शिस्त नवी होती. दोरावर पाय पडला की मागून आवाज यायचाच, “रस्सी पे पाँव नहीं!” आणि पुश-अप्स. वाळूचा बारीक कण दोराच्या आत गेला की आतले धागे कापत राहतो आणि ते बाहेरून दिसत नाही, हे कारण नंतर वर्गात कळलं. गाठींची परीक्षा असते. फिगर ऑफ एट, बोलाइन, क्लोव्ह हिच, प्रुसिक या घरूनच पक्क्या करून जा. मी बुटाच्या नाडीने पलंगाच्या दांडीला डोळे मिटून बांधायची, कारण पुढे थंडीत हातमोजे घालून त्याच बांधायच्या असतात.

टायगर हिलपर्यंत भरली सॅक घेऊन चालवत नेतात. ती खरी पहिली चाचणी. ओझ्याने खांदे भरून आले आणि मैत्रिणीचं म्हणणं पटलं.

मग बसने जोरथांग, लेगशिप, ताशिडिंग करत सिक्कीममधलं युकसोम. ओळखपत्र हाताशी ठेवा. छोटंसं गाव आहे, पण सिक्कीमच्या पहिल्या चोग्यालचा, म्हणजे राजाचा, राज्याभिषेक १६४२ मध्ये इथेच झाला. पुढे सगळं कांचनजंगा राष्ट्रीय उद्यान. १९७७ मध्ये ते उद्यान झालं आणि २०१६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा यादीत घेतलं, तेही निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर. आत लाकूड जाळायला मनाई. सिक्कीममध्ये जानेवारी २०२२ पासून बाटलीबंद पाण्यावर बंदी आहे, त्यामुळे स्वतःच्या दोन बाटल्या हव्यातच.

युकसोमच्या चेकपोस्टवर ट्रेकर्सच्या सामानातल्या प्लास्टिकची यादी करतात आणि परतताना तेवढा कचरा दाखवावा लागतो, हे आमच्या प्रशिक्षकांनी आदल्या संध्याकाळी सांगितलं. आमच्या रोपनेही तशीच यादी केली. चॉकलेटची वेष्टनं, बिस्किटांचे पुडे, सेल, ओले टिश्यू, सॅनिटरी पॅड, गोळ्यांची पाकिटं, सगळं मोजून वहीत. गंमत म्हणजे यादी करता करता सामान कमी होत गेलं. बिस्किटं पुड्यांतून काढून डब्यात गेली, अर्धे ओले टिश्यू युकसोमलाच राहिले. खाली आणायचं ओझं डोळ्यासमोर आलं की हात आपोआप आखडतो. मुलांना प्लास्टिकवर व्याख्यानं देण्यात मी जी वर्षं घालवली, त्यापेक्षा वहीचं ते एक पान जास्त बोलकं होतं.

बायकांसाठी इथेच लिहिते, कारण हे कुणी लिहीत नाही. उंचीवर पाळी पुढे-मागे होऊ शकते, तारखेचा हिशोब धरू नका. वापरलेलं पॅड वर पुरायचं नाही, जाळायचंही नाही, खालीच आणायचं. मी घरी काही महिने आधीपासून मेन्स्ट्रुअल कपची सवय केली होती, ती कामी आली. तिथे जाऊन पहिल्यांदा वापरायला मात्र घेऊ नका. पॅड वापरणार असाल तर घट्ट झाकणाचा एक अपारदर्शक डबा आणि त्यात थोडा खाण्याचा सोडा, वास येत नाही. प्रशिक्षकांना सांगायला लाजू नका. मी सांगितलं तेव्हा “ठीक है मॅडम, गरम पानी बोल देता हूँ” एवढंच उत्तर आलं.

युकसोम साधारण १,७८० मीटरवर, पुढचा मुक्काम त्शोका ३,००० च्या आसपास, झोंग्री ४,००० च्या आसपास. सुरुवातीला दाट ओलं जंगल, झुलते पूल, घंटा वाजवत येणारे झो, म्हणजे याक आणि गाय यांच्या संकरातली ओझ्याची जनावरं. झो आले की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. त्शोकाच्या वर लाकडी ओंडके टाकून केलेली वाट आहे, पावसात गुळगुळीत होते. दोन्ही बाजूंना गुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, फुललेला, खाली लाल, वर जाल तसा फिकट आणि बुटका. फोटो काढायला थांबायची परवानगी नव्हती, म्हणून नुसता पाहिला.

झोंग्रीला डोकं दुखायला लागलं. बहुतेकांचं दुखत होतं. तिथे एक दिवस हवेशी जुळवून घ्यायला ठेवतात, वर चढून परत खाली झोपायला आणतात. पाणी भरपूर प्यायचं, दुपारी झोपायचं नाही, आणि त्रास लपवायचा नाही. आमच्या बॅचमधला एक धडधाकट मुलगा दोन दिवस गप्प राहिला, उलट्या सुरू झाल्यावर कळलं, मग त्याला खाली न्यावं लागलं. जो हळू चालत होता आणि वाटेत बडबड करत होता तो पोचला. स्वतःच्या मनाने गोळ्या सुरू करू नका, तिथल्या डॉक्टरांना विचारा.

बेस कॅम्प चौरीखांग, साधारण ४,४०० मीटर. समोर राथोंग, कोकथांग, काब्रू डोम ही शिखरं. त्याचं वर्णन इतरांनी भरपूर केलंय, मी कॅम्पवरच्या एका रोजच्या कामाबद्दल लिहिते. सकाळच्या फॉल-इननंतर, म्हणजे रांगेतल्या हजेरीनंतर, सगळ्यांना हातभर अंतरावर एका ओळीत उभं करायचे आणि ओळ मोडू न देता मैदान पार करायचं, दिसेल ते उचलत. आमच्या आधी किती वर्षांपासून लोक येतायत ते त्या ओळीत कळलं. गंजलेले पत्र्याचे डबे, फुटलेले सेल, दोराचे तुकडे. मला दगडाखाली टॉफीचं एक वेष्टन मिळालं. रंग उडाला होता, पण कडेवरची छपाई वाचता येत होती. पॅकिंगची तारीख २००९ ची. मी ते घरी आणलंय आणि वर्गात दाखवते.

थंडीत कुजणं फार हळू होतं, हे मी दरवर्षी पाठ्यपुस्तकातून शिकवते. वर संत्र्याची साल फेकायलाही मनाई आहे, ती त्याच कारणाने. संडासाचे खड्डे पाण्यापासून लांब, उतार बघून खणलेले. ओढ्यात साबण नाही, दात घासलेलं पाणीसुद्धा ओढ्यापासून दूर थुंकायचं. आमच्या प्रशिक्षकांनी बर्फावर काठीने नकाशा काढला: हे राथोंग ग्लेशियर, यातून राथोंग छू, ती रंगीतला मिळते, रंगीत तिस्तेला. आणि म्हणाले, “नीचे मेरा गाँव है, वही पानी पीता है।” यावर कुणी काय बोलणार.

ग्लेशियरवरचं प्रशिक्षण हा कोर्सचा गाभा. क्रॅम्पॉन घालून पाय फाकवून चालायचं, नाहीतर एका पायाचे दात दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकतात. उभ्या बर्फावर पुढच्या दातांवर चढणं, पायऱ्या खोदणं, जुमारने (दोरावर फक्त वर सरकणाऱ्या पकडीने) दोर चढणं, भेगेत पडलेल्याला बाहेर काढणं. मला सगळ्यात भीती वाटली ती सेल्फ अरेस्टची. उतारावरून स्वतःला मुद्दाम घसरू द्यायचं आणि पोटावर वळून आइस ॲक्स बर्फात रुतवून थांबायचं. पहिल्या वेळी अंग ऐकतच नव्हतं, मागचा मुलगा “दीदी, जाओ” म्हणत राहिला. एकदा थांबता आलं आणि मग पुन्हा पुन्हा जावंसं वाटायला लागलं. शेवटी एका दिवशी पहाटे अंधारात निघून उंची गाठायला नेतात. श्वास, पाऊल, श्वास, पाऊल. वर फार वेळ थांबू देत नाहीत. ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो.

उतरताना कचऱ्याची पोती रोपमध्ये वाटून घेतली. खाणं संपल्याने सॅक हलकी होईल असं वाटलं होतं, ती जागा पोत्याने घेतली. युकसोमला वही काढून एकेक वस्तू ताळ्यावर आली. दोन सेल कमी भरत होते, ते कुणाच्या तरी टॉर्चमध्येच निघाले.

दार्जिलिंगला परतल्यावर साहित्य धुऊन, वाळवून जमा करायचं, लेखी परीक्षा, मग समारंभात बॅज आणि प्रमाणपत्र. पुढे ॲडव्हान्स कोर्स करायचा विचार असेल तर ‘ए’ श्रेणी लागते, हे आधीच माहीत असू द्या. श्रेणी केवळ चढाईवर ठरत नाही. वर्ग, गाठी, वागणूक, रोपमधली मदत, सगळ्याचे गुण असतात. फी सोडून माझा एकूण खर्च, येण्याजाण्यासकट, वीस हजारांच्या आत बसला.

जूनमध्ये मुलांच्या शिबिराला निघताना बस सुटायच्या आधी प्रत्येकाकडून प्लास्टिकची यादी लिहून घेतली. एका पालकांनी विचारलं, “मॅडम, हे अभ्यासक्रमात आहे का?” नाही म्हटलं. परतताना दोन पुडे कमी निघाले, म्हणून आम्ही तंबूंच्या जागी परत गेलो आणि बस पाऊण तास उशिरा सुटली. ड्रायव्हरदादा वैतागले. पुढच्या वेळी हा वेळ वेळापत्रकातच धरणार आहे.

अर्ज करणाऱ्यांसाठी एक राहिलंच: वैद्यकीय प्रमाणपत्राचा नमुना निवड झाल्यानंतर संकेतस्थळावरून नव्याने उतरवून घ्या, मित्राने मागच्या वर्षी पाठवलेली पीडीएफ वापरू नका. आणि निवडीचा मेल स्पॅममध्ये जाऊ शकतो. माझा तिथेच सापडला, पैसे भरायच्या मुदतीच्या दोन दिवस आधी.